मागून आणलेली मोटार

केळझरच्या टेकडीवर विराजमान असलेल्या विघ्नहर्त्यास प्रथम वंदन. विघ्न येण्यापूर्वी ते दूर सारणारा देव तो एकच. विघ्न आल्यावर कागद पुढे करणारे मात्र पुष्कळ आहेत, आणि आज मला त्यांच्याविषयीच लिहावयाचे आहे. निमित्त असे की, आमच्या सिंदी रेल्वे या गावातील लेकी-सुना आता दूरदेशी नांदतात. त्यांच्याकडे जावयास निघालेले गृहस्थ मजकडे प्रस्थानाचा मुहूर्त विचारावयास येतात आणि उठता उठता हळूच म्हणतात, "गुरुजी, तिकडं भाड्याची गाडी घेतली तं इमा कोनता घ्याव?" आयुष्यभर संस्कृत शिकविलेल्या माणसास हा प्रश्न का विचारावा? त्याचे कारण आमचे शेजारी वासुदेवराव. त्यांची हकीकत एकदा लिहून ठेविली म्हणजे मला प्रत्येकास ती सांगत बसावे लागणार नाही.

वासुदेवरावांना मागून नेलेली वस्तू जशीच्या तशी परत करता येत नाही.

याचा अर्थ ते वस्तू मोडतात असा कोणी घेऊ नये. ते ती दुरुस्त करतात. एकदा त्यांनी माझी शिडी नेली. "दोन पायऱ्या हलतात, जपून वापरा," असे मी म्हटले होते. चौथ्या दिवशी शिडी परत आली, तिला सागवानाच्या दोन नव्या पायऱ्या बसविल्या होत्या, आणि वासुदेवराव दारात उभे राहून मलाच रागावत होते. "गुरुजी, ह्या शिडीवर तुमी चढत होते? काऊन? मोक्षाची घाई झाली होती का?"

देवळातले मोठे पातेले त्यांच्याकडे लग्नकार्यासाठी गेले, ते कल्हई होऊन आले. माझी छत्री एका पावसात त्यांनी नेली, ती नव्या काड्यांसह आली. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करीत नाहीत, दोन लाडू, निदान चार दाणे साखर घालून देतात. तोच आचार वासुदेवरावांनी शिडीला, पान्याला आणि पंपाला लावला, एवढेच. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचे शेतीच्या अवजारांचे आणि सुट्या भागांचे दुकान आहे. हातात पाना असला की त्यांची मुद्रा प्रसन्न असते, आणि हात रिकामे असले की ते जगावर चिडतात. "वस्तूले तोंड नाई," असे ते म्हणतात. "तिच्या वतीनं कोनीतरी बोलाव लागते." आणि ते बोलतात. दुरुस्तीपेक्षा ते बोलणेच अधिक दिवस लक्षात राहते, म्हणून त्यांना काही उसने देताना लोक दोनदा विचार करतात.

त्यांची एकुलती कन्या मंजिरी, सर्वांची मंजू, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एका दुग्धालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. जावईही तिकडेच नोकरीस आहेत. गेल्या वर्षी त्यांनी लहानसे घर बांधले आणि मंजूने हट्ट धरला की वास्तुशांत माझ्याच हातून व्हावी, कारण तिच्या लग्नात अंतरपाटाशी मंगलाष्टके मीच म्हटली होती. अशा रीतीने वासुदेवराव, त्यांच्या पत्नी इंदूवहिनी आणि मी, असे तिघे समुद्र ओलांडून जाण्यास सिद्ध झालो.

जाण्यापूर्वीच वासुदेवरावांनी एक निश्चय जाहीर केला. जावयाच्या गाडीत ते बसणार नव्हते.

"लेकीच्या घरचं पानी प्यासाठी आपले बापजादे दहादा विचार करत," ते म्हणाले. "आपन जेवू, बापा, काळ बदलला. पन जावयाच्या गाडीत पसरून त्याचं पेट्रोल जाळाचं, अन् त्यानं सुट्टी काढून आपल्याले तळी दाखवाची, हे मले जमत नाई. मी भाड्यानं गाडी घेईन. मंजूच्या डोस्क्यावर तांदळाच्या दान्याएवढाही भार नाई पडला पाह्यजे."

वहिनी आतून म्हणाल्या, "अवो, लेकीले कोनी भार म्हनते का?"

"म्हनून तं पडू द्याचा नाई."

यानंतर त्यांनी नागपूरच्या एका प्रतिनिधीकडून प्रवासाचा विमा घेतला आणि त्याची पुस्तिका वाचावयास मजकडे आणून दिली. मी शास्त्र वाचलेला मनुष्य आहे. आमच्या शास्त्रात आधी सामान्य नियम सांगतात, त्यास उत्सर्ग म्हणतात, आणि मग क्वचित कोठे त्यास अपवाद देतात. या पुस्तिकेत पहिल्या पानावर उत्सर्ग होता, 'आम्ही आपले संरक्षण करू.' पुढची सारी पाने अपवादांनी भरली होती. संयम हा माझा स्वभाव आहे, परंतु सातव्या पानावर मी चष्मा काढून ठेविला. भाड्याच्या गाडीविषयी तेथे एवढेच होते की गाडीवाल्याने तुमच्याकडून काही भरून घेतले, तर ते आधी तुम्ही भरा, पावत्या आणा, मग आम्ही पाहू. तेही, तुम्ही गाडीवाल्याचा कोणताही नियम मोडला नसेल तरच.

"म्हंजे छत्री घरी पोचल्यावर उघडाची," वासुदेवराव म्हणाले.

विमानतळावर मंजू आम्हांस घ्यावयास आली होती. मायलेकींचे डोळे पुसून होईतो वासुदेवराव भाड्याच्या गाड्यांच्या खिडकीशी जाऊन उभेही राहिले होते. दैवयोगाने तेथे हरप्रीत नावाची पंजाबी मुलगी कामास होती, म्हणून संभाषण हिंदीत झाले. वासुदेवरावांची हिंदी वर्धा जिल्ह्याच्या बाहेर फारशी गेलेली नाही.

हरप्रीतने समजावून सांगितले की भाड्यात साधा विमा धरलेलाच आहे, मात्र नुकसान झाले तर पहिला वाटा आपण भरावयाचा. त्या वाट्याला ते लोक एक्सेस म्हणतात. त्याच्या पलीकडचे विमा पाहील.

"बेटा, विमा है तो पहला वाटा हम कायको भरना?"

"अंकलजी, ऐसा ही होता है. रोज का थोडा ज्यादा दोगे तो एक्सेस जीरो हो जाएगा."

"मतलब विमे का भी विमा?"

"हाँजी."

"अच्छा. ये लिया तो सब आया? टायर?"

"टायर नहीं, अंकलजी."

"कांच?"

"कांच का अलग है."

"गाडी के नीचे का?"

"वो नहीं आता."

"ऊपर का? छत?"

"छत भी नहीं."

वासुदेवराव मजकडे वळले. क्रोधाच्या वेळी ते हिंदी सोडतात. "गुरुजी, खालचं नाई, वरचं नाई, काच नाई, चाक नाई. मंग आपन बसाचं कशात? अन् कच्च्या रस्त्यावर गेलो तं विमाच संपला म्हनते. आपल्या वावराच्या धुऱ्यावर तं हा विमा गाडी सुरू कराच्या आंधीच मेला असता."

मी त्यांस शांत केले आणि करारपत्र हाती घेतले. भिंग लावून मी कलमे वाचीत गेलो व त्यांचा मराठीत अर्थ सांगत गेलो. चालविणाऱ्याचे नाव पत्रात नसेल तर विमा नाही. चुकीचे इंधन भरले तर विमा नाही. नदीच्या पाण्यात गाडी घातली तर विमा नाही. त्यांच्या संमतीवाचून दुरुस्ती केली तर विमा नाही.

"आपन बिघाडच करत नाई," वासुदेवराव म्हणाले, "तं दुरुस्तीचं काय सांगता? पुढं चाला."

मीही पुढे गेलो. ही चूक माझी आहे आणि ती मी येथे मान्य करून ठेवतो. बिघाड आपला असेल तेव्हाच हे कलम लागते, असा अर्थ मी मनाशी धरला. कलमात तसे लिहिलेले नव्हते.

त्यांनी एक्सेस शून्य करणारा मोठा विमा घेतला. पण सही करण्याच्या क्षणी हरप्रीतने क्रेडिट कार्ड मागितले. गाडी सुखरूप परत येईतो काही रक्कम त्या कार्डावर अडकवून ठेवतात, आणि ज्याच्या नावाचे कार्ड त्याच्याच नावावर गाडी देतात. वासुदेवरावांनी उधारीचे कार्ड जन्मात ठेविलेले नाही. ते रोख देऊ करीत होते, पण रोख कोणी घेईना. अखेर मंजू पुढे आली आणि तिने आपले कार्ड दिले. करारपत्रावर मोठ्या अक्षरांत तिचे नाव उमटले. वासुदेवरावांचे नाव खाली, 'अधिक चालक' म्हणून आले.

"बाबा, एवढंसं तं हाय," ती म्हणाली.

त्यांनी आपल्या नावापुढे सही केली. गाडीकडे चालत जाताना मात्र माझ्या कानाशी म्हणाले, "सकाळी इमानातून उतरलो, गुरुजी, अन् दुपारच्या आंधी पोरीच्या डोस्क्यावर जाऊन बसलो. आता ह्या गाडीले मुंगी जरी चावली तरी ते तिच्या नावावर जाते."

गाडी देताना हरप्रीतने आणखी एक कागद दिला. त्यावर गाडीचे चित्र होते आणि चित्रावर तीन ठिकाणी गोल काढले होते. मागच्या बंपरचा कोपरा चेमटलेला, डाव्या दारावर ओरखडा, पुढच्या चाकावरचे प्लॅस्टिकचे आच्छादन सैल. वर मंजूचे नाव, खाली मंजूची सही. वासुदेवरावांनी तो कागद घडी न घालता खिशात ठेविला आणि गाडीची चारही अंगे न्याहाळीत तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. माझ्या आग्रहावरून त्यांनी छायाचित्रेही काढली.

पहिले दोन दिवस वास्तुशांतीच्या तयारीत गेले. तिसऱ्या दिवशी यथासांग कर्म पार पडले. चौथ्या दिवशी सकाळी मंजू आणि जावई कामावर गेले, आणि मी अंगणातल्या पायरीवर जपास बसलो असता वासुदेवराव गाडीमागे पाठीवर निजलेले मला दिसले. इंदूवहिनी घरातून एकामागून एक उकळत्या पाण्याच्या किटल्या आणून देत होत्या.

"वासुदेवराव, हे काय चालविले आहे?"

"बंपर पिलास्टिकचं हाय. उकळतं पानी टाकलं का नरम येते, मंग आतून दाबलं का आपल्या जागी जाते. इंदू, वतजो. हळू. माझा हात हाय तिथं."

"पण ही गाडी परक्याची आहे."

त्यांनी खालूनच हात बाहेर काढला आणि तो तीन गोलांचा कागद मजपुढे धरला. "त्यायनंच तं लिहून देल्लं, कुठी कुठी खराब हाय ते. उगाच देल्लं का? कोनी आपली बैलगाडी देते अन् म्हनते, भाऊ, डाव्या चाकाची खीळ ढिली हाय. मंग आपन काय समजाचं?"

आता येथे वाचकांनी मला दोष देण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. आमच्या भागात वस्तू देणारा तिचे वैगुण्य सांगतो, ती एक विनंतीच असते. मोठ्या मनाचा मनुष्य ती उघड करीत नाही आणि घेणारा ती ऐकल्यावाचून राहत नाही. सत्तर वर्षे मी हेच पाहत आलो आहे. मलाही ते पटले, आणि मी पुन्हा जपाला लागलो.

बंपर पूर्ववत झाला. बाजारातून आणलेल्या मलमाने त्यांनी दारावरचा ओरखडा दोन तास घासून नाहीसा केला. चाकावरचे आच्छादन एका खिट्टीने पक्के बसविले. प्रत्येक काम झाल्यावर त्या कागदावरच्या गोलापुढे त्यांनी शाईने बरोबरची खूण केली. त्यानंतर तीन दिवस आम्ही तळी पाहिली, पर्वत पाहिले, आणि वासुदेवरावांनी गाडी अशी चालविली की मागची वाहने आमची मिरवणूक आहे असे समजली असावीत. गाडीला नवा डाग लागला नाही.

ती परत करावयास गेलो तेव्हा वासुदेवराव नवे धोतर नेसले होते. त्यांना शाबासकीची अपेक्षा होती, हे मला ठाऊक होते.

तपासणीस हा उंच, लाल गालांचा गृहस्थ होता. हातात नोंदींची पाटी घेऊन तो गाडीभोवती फिरला. बंपरपाशी थांबला, वाकला, बोटाने चाचपले, पाटीकडे पाहिले, पुन्हा बंपरकडे पाहिले. दारापाशी तसेच केले. वासुदेवराव त्याच्या मागोमाग चालत होते आणि प्रत्येक थांब्यावर मान डोलावीत होते. मग त्यांनी तीन खुणांचा कागद त्याच्या हाती दिला. त्याने तो वाचला आणि हरप्रीतला हाक मारली.

हरप्रीत संकोचाने म्हणाली, "अंकलजी, ये पूछ रहे हैं, गाडी कहाँ ठोकी?"

"ठोकी नहीं, बेटा. बनाई."

"वो बोल रहे हैं, कोई अपनी मर्जी से पुराना डेंट क्यों ठीक करेगा? कुछ नया हुआ होगा, इसलिए सब साथ में रिपेअर करवाके छुपाया."

वासुदेवरावांना आजवर लोकांनी तऱ्हेवाईक म्हटले, तापट म्हटले, परंतु कोणी खोटे म्हटले नव्हते.

व्यवस्थापकाने करारपत्र आणविले आणि तेच कलम दाखविले, जे मी स्वमुखाने वाचले होते. संमतीवाचून दुरुस्ती, म्हणून घेतलेला सारा विमा रद्द. त्यांचा तज्ज्ञ गाडी तपासेपर्यंत कार्डावरची रक्कम अडकून राहील. गाडीच्या आत काही दडलेले निघाले तर ते करारपत्रावर ज्याचे नाव आहे त्याच्याकडून घेतले जाईल. ते नाव मंजूचे होते. तिला कामावरून बोलावून घेतले.

मी सहसा वाद घालीत नाही. त्या दिवशी घातला. माझे इंग्रजी जुन्या वळणाचे आहे, तरी मी व्यवस्थापकास विचारले की, महाशय, आम्ही हा कोपरा आणखी चेमटवून आणला असता तर? त्याने शांतपणे सांगितले की मग काहीच प्रश्न नव्हता, विम्याने ते सोसले असते. गाडी मोडणाऱ्यास क्षमा आणि जोडणाऱ्यास शासन! कोणत्या स्मृतीत हा न्याय सांगितला आहे? आमच्या गावात चोरासही आधी पाणी विचारतात. येथे एका वृद्धाने उन्हात पाठ भाजून घेऊन त्यांचीच वस्तू सुधारली आणि त्यालाच पाण्याऐवजी कलम दाखविले. मी हे सारे बोललो, आणि व्यवस्थापकाने एक आवेदनपत्र मजपुढे सरकविले. घटना लिहा, कारण लिहा, करारकर्त्याची सही आणा.

म्हणून परदेशी जाणाऱ्यांस माझे कळकळीचे सांगणे एवढेच की, गाडी घेण्यापूर्वी पहिला वाटा किती तो विचारा आणि विम्यात काय येत नाही ते आधी वाचा. घरून घेतलेला विमा मागाहून भरपाई देतो, जागच्या जागी देत नाही, हे ध्यानात धरा. कार्ड कोणाचे, नाव कोणाचे आणि चालविणार कोण, हे घरीच ठरवा. गाडीची चित्रे काढा. आणि ती जशी मिळाली तशीच परत करा, भले तुमचा जीव कितीही तळमळो. एवढे ज्याने पाळले त्याचे काही बिघडणार नाही. वासुदेवरावांना यातले शेवटचे पाळता येण्याजोगे नव्हते.

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. वहिनी थोड्या दूर उभ्या होत्या. आवेदनपत्र माझ्या मांडीवर होते.

"लिहा, गाडी ठोकली नाई."

मी ते इंग्रजीत लिहिले.

"लिहा, खोक जुनीच होती. मी काहाडली."

तेही लिहिले. "आता ते कारण विचारतात, वासुदेवराव. येथे दोनच ओळी आहेत. काय लिहू?"

मला वाटले, ते बैलगाडीची गोष्ट सांगतील. त्यांनी उलट मलाच विचारले.

"तो कागद पाह्यला तुमी? वरतं नाव कोनाचं होतं?"

"मंजूचे."

"पोरीचं नाव. त्याच्या खाली तीन गोल. इथं चेमटली, इथं खरचटली, इथं सैल. अन् खाली पोरीची सही, का हो, हे सारं मले कबूल हाय." त्यांचा आवाज चढला. "माह्या पोरीच्या नावाखाली असं लिहून देतेत? मले तो कागद पाहवत नव्हता, गुरुजी. रोज सकाळी उठून पाहे अन् मले काही सुचत नव्हतं. तिन्ही गोल मिटवले तवा जीव थंड झाला. लिहा तसंच."

मी लिहू लागलो. ते पुढे बोलतच राहिले, पण आता मजशी नव्हे.

"लग्नाले अकरा वर्सं झाले. फोनवर इचारते, बाबा, काही पाह्यजे का? मी इचारतो, तुले काही पाह्यजे का? तं म्हनते, नाई बाबा, इथं सारं भेटते. अकरा वर्सं हेच. घर बांधलं, तं इट बी मले पाहू नाई देल्ली. सारं भेटते तं बापानं काय कराव? सोफ्यावर बसून चहा प्याव?" ते थांबले. "हे नका लिहू. खोडा."

मी ते लिहून चुकलो होतो. दोन ओळी केव्हाच संपल्या होत्या आणि माझी अक्षरे समासात चढली होती. मी खोडले नाही. खरे लिहून झाल्यावर खोडण्याचे मला कोणी शिकविले नाही, आणि एवढ्या अवज्ञेचा दोष मी पत्करला.

मंजू प्रयोगशाळेच्या पांढऱ्या अंगरख्यातच आली. ती रागावलेली होती. "बाबा, तुमाले कोनी सांगतलं होतं? गाडी हाय त्यायची, खोक हाय त्यायची. मले मीटिंगमधून उठून या लागलं."

"भार पडला ना," वासुदेवराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "मले माहीत होतं."

सही तिची हवी होती, म्हणून मी आवेदनपत्र तिच्या हाती दिले. तिने उभ्याउभ्या वाचावयास आरंभ केला. समासाशी आल्यावर कागद आडवा धरला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. तिने सही केली आणि कोणाशी न बोलता तो आत नेऊन दिला.

आत हरप्रीतने तो व्यवस्थापकास वाचून दाखविला. त्याने विचारले, दुरुस्तीच्या वेळचा काही पुरावा आहे काय? तेव्हा इंदूवहिनी पुढे झाल्या आणि पदराआडून भ्रमणध्वनी काढीत म्हणाल्या, "मी तं नाचनगावले माह्या बहिनीले फोटो धाडत होती. पाह्य म्हटलं, तुहे जिजाजी इथं येऊन बी गाडीखालीच झोपले." त्यांत किटली होती, चेमटलेला कोपरा होता, अर्धा वर आलेला कोपरा होता, आणि दिनांक व वेळ होती. व्यवस्थापकाने सर्व चित्रे पाहिली, तपासणीसास दाखविली, आणि पाटीवर काही टिपले. प्रकरण मिटले. कार्ड मोकळे झाले. क्षमा मात्र त्याने मागितली नाही. तेवढे वैगुण्य त्याच्या नावावर राहू द्यावे.

हरप्रीत आम्हांस दारापर्यंत पोहोचवावयास आली. "अंकलजी, ठोक के मुकरने वाले रोज आते हैं," ती म्हणाली. "आप जैसा पहला देखा. फिर कभी मत करना."

बाहेर मंजूची स्वतःची गाडी उभी होती. जावयाची नव्हे, तिची. आम्हांस तीतूनच घरी जावयाचे होते, आणि वासुदेवराव तिच्यापासून दहा पावले दूर, पिशवी उराशी धरून उभे होते. मंजूने चावी काढली. दार उघडता उघडता ती थबकली, आणि वडिलांपाशी परत आली.

"बाबा," ती म्हणाली, "ह्या गाडीचं मागचं दार महिना झाला, नीट लागत नाई. रस्त्यानं खडखड वाजते. मले काही समजून नाई राह्यलं. तुमी पाह्यता का?"

वासुदेवरावांनी पिशवी माझ्या हाती दिली. चावी घेतली. गाडीपाशी जाऊन त्यांनी मागचे दार उघडले, लावले, पुन्हा उघडले, आणि कान बिजागरीपाशी नेला. मग बापलेक दोघे त्या दारापाशी वाकून उभे राहिले, आणि तिच्या पांढऱ्या अंगरख्याच्या बाहीला वंगण लागले तरी ती तेथून हलली नाही. तेथील आमचा मुक्काम आणखी आठ दिवसांनी वाढला.

ज्याचे अपत्य दूर आहे त्याच्या घरी गणराय असे एखादे न लागणारे दार राखून ठेवो. वाचकहो, तुमचा प्रवास निर्विघ्न होवो, तुमच्या लेकी सुखात नांदोत, आणि तुमच्या उंबरठ्यावर आलेल्यास पाणी व जाणाऱ्यास कुंकू कधी कमी न पडो. शुभं भवतु.